मदत हवी आहे: सणांचं सामान आणि खर्च कसा आवरायचा?

नमस्कार. परळला वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण राहतो. गणपती, नवरात्र, दिवाळी ओळीने येतात आणि सगळं सामान एकाच पोटमाळ्यावर. तोरणं, दिव्यांच्या माळा, कंदील ऐनवेळी सापडत नाहीत, मग दादरहून पुन्हा विकत येतात. पैशांपेक्षा सासूबाईंची दगदग मनाला जास्त लागते. यंदा प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी आणि फ्रीजवर यादी लावायचं ठरवलंय.

पण इथल्या दमट हवेत कागदी कंदील आणि कापडी मखर पावसाळ्यात बुरशी न लागता कसं टिकवता? फराळाचा सुका मेवा मशीद बंदरहून चार शेजाऱ्यांनी मिळून घाऊक आणला तर खरंच परवडतो का? रवा-बेसन किती आधी भरावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.