अपघात दाखवण्याची रीतही बदलली

पूर्वीचं फॉर्म्युला वनचं प्रक्षेपण साधं पण प्रामाणिक होतं, आता नुसता देखावा झालाय, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. बीबीसीचे समालोचक मरे वॉकर आणि जेम्स हंट एकाच माइकवर बोलायचे, ती मजा गेली हे खरं. पण अपघात कसे दाखवले जायचे तेही आठवा.

१९७३, नेदरलँड्समधला झांडवूर्टचा ट्रॅक. ड्रायव्हर रॉजर विल्यमसन उलट्या, पेटलेल्या गाडीखाली अडकलेला. दुसरा ड्रायव्हर डेव्हिड पर्ली स्वतःची रेस सोडून धावला आणि एकटाच ती गाडी सरळ करायला धडपडत राहिला. कॅमेरा ते सगळं टिपत होता. १९९४ ला इटलीतल्या इमोलात अपघातानंतर ड्रायव्हर आयर्टन सेनावर ट्रॅकशेजारी चाललेले उपचार हेलिकॉप्टरमधून जगाला दिसले. बीबीसीने तेवढं भान राखून आपल्या पिट लेनमधल्या (गाड्या टायर बदलायला थांबतात तिथल्या) कॅमेऱ्याची दृश्यं लावली.

२०२० ला बहारीनमध्ये ड्रायव्हर रोमेन ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली, तेव्हा तो सुखरूप दिसेपर्यंत रिप्ले रोखून धरला होता. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागला होता, तरी मला ते योग्यच वाटलं. पुढे मात्र तोच स्फोट पुन्हा पुन्हा दाखवला आणि त्याच रेसमधल्या डॅनियल रिकार्डोने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. अगदी रास्त होती ती. ड्रायव्हरांच्या घरचेही तेच बघत होते, आणि थांबवलेली रेस पुढे सुरू करायला थोड्याच वेळात बाकीच्या ड्रायव्हरांना परत गाडीत बसायचं होतं.