विमानाची चाके उतरली नाहीत तर? सरावासाठी सल्ला हवा

सांब्रेकर: बेळगावजवळच्या सांब्र्याला माझे शिक्षण स्थिर चाकांच्या सेस्ना १७२ विमानावर झाले. पुढील महिन्यात चाके आत घेणाऱ्या पायपर ॲरो विमानावर माझी उड्डाण-परीक्षा आहे. चाके न उतरल्यास काय करावे, याचा सराव १५ हजारांत कसा करावा?

निपाणीचे काका: मी घरी दोन लाखांचे सिम्युलेटर बसवले आहे, तुम्हीही तेच घ्यावे. चाक उतरून कुलूपबंद झाल्याचा हिरवा दिवा पेटला नाही, तर आधी पॅनेलच्या दिव्यांचे बटण पाहावे. ते चालू असल्यास ॲरोमध्ये चाकांचे दिवे इतके मंद होतात की भर उन्हात विझल्यासारखेच वाटतात.

खानापूरवाला: दिव्यापायी विमान विसरू नये. १९७२ मध्ये फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीत एक प्रवासी विमान कोसळले, कारण पुढच्या चाकाच्या दिव्यात सारे गुंतले असताना उंची घटत गेली. मीसुद्धा शिकताना बल्ब बदलण्याच्या नादात तीनशे फूट गमावले आणि प्रशिक्षकांचे बोलणे खाल्ले. पैसे प्रशिक्षकालाच द्यावेत.

चिकोडीकर: चाके आलीच नाहीत, तर गवतावर उतरावे.

खानापूरवाला: पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात पोट रुतले, तर विमान उलटेल. पक्की धावपट्टीच बरी. तेथे अग्निशमन दलही जवळ असते.

चिकोडीकर: मी माळावरच्या गवताविषयी बोलत होतो, उसाच्या फडाविषयी नव्हे.

हिंडलगेकर: काकांचेच पुन्हा सांगतो, आधी दिवे पाहा, बल्बची अदलाबदल करा, सर्किट ब्रेकर पाहा. त्यानंतर वेग ८७ नॉटच्या खाली आणून आपत्कालीन लिव्हर खाली दाबावा. चाके वर धरून ठेवणारा हायड्रॉलिक (तेलाचा) दाब सुटतो आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. मुख्य चाक कुलूपबंद होत नसेल, तर विमानाचे नाक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. विमानतळाच्या टॉवरला खालून पाहायला सांगता येते, पण चाक खाली दिसले म्हणजे ते कुलूपबंद झालेच असे नाही. आमच्या वेळी एवढे सांगायलाही कोणी नव्हते.

सांब्रेकर: सर्वांचे आभार. सिम्युलेटर नको आणि प्रशिक्षकाबरोबर जादा तासही नकोत. एका परिचितांच्या ॲरोची वार्षिक तपासणी आहे. ते विमान जॅकवर चढवले की मेकॅनिकच्या परवानगीने तो लिव्हर मी स्वतः खाली दाबणार आहे. चाके खाली पडून कुलूप बसतानाचा खट्ट आवाज एकदा कानाने ऐकायचा आहे. खर्च फक्त रेल्वेच्या तिकिटाचा. काका, राग मानू नये.