केबल बंद करून लाइव्ह टीव्ही अ‍ॅपवरच बघावा का?

निवांत_कांदिवली:
केबल आणि फायबर, दर महिन्याला दोन्हीचे पैसे जातात. घरात लागतं काय? मराठी मालिका, बातम्या, क्रिकेट. हे सगळं अ‍ॅपवर लाइव्ह मिळतं. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. तेव्हापासून पॅकमधले निम्मे चॅनल मी एकदाही लावलेले नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, बॉक्स परत करावा.

बुकेविरोधक:
मुळात पॅक घेता कशाला? फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक पे चॅनलची किंमत वेगळी जाहीर होते, सुटा चॅनल मागता येतो. केबलवाला 'तसं होत नाही' म्हणतो, कारण त्याला पॅक सोपा पडतो. यादी लिहून हातात द्या. अ‍ॅपवाल्यांवर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, हे नियम चालत नाहीत. २०२३ मध्ये आयपीएल फोनवर फुकट दाखवली, सवय लावली, २०२५ मध्ये सबस्क्रिप्शन मागितलं.

निवांत_कांदिवली:
सुट्याचं गणित केलंय. आधी नेटवर्क फी १३० रुपये, जीएसटी धरून १५३.४०, तेही एकही पे चॅनल न घेता. २०२४ मध्ये ट्रायने त्या फीवरची मर्यादाही काढली. तुमचे नियम आता कितीसे उरले? त्यात आमचं फायबर केबलवाल्याचंच. बॉक्स परत करतो म्हटलं तर म्हणाला, कॉम्बो तुटेल, नेटचे पैसे वाढतील!

गल्ली_क्रिकेट:
दोघंही पैशावरच अडलात. अ‍ॅपवरचं 'लाइव्ह' मागे असतं. प्रक्षेपणाचे तुकडे व्हायचे, ते सर्व्हरवरून यायचे, मग बफर भरायचा. यात कधी कधी अर्धा मिनिट सहज जातो. आमच्या चाळीत समोर केबल आहे. माझ्या फोनवर बोलर अजून रनअपला असतो आणि तिकडून 'गेला, गेला!' शेवटच्या ओव्हरला मी सरळ त्यांच्याकडे जाऊन बसतो.

घरचा_रिमोट:
आणि ओटीपीचं काय? सासूबाईंना चॅनल नंबर तोंडपाठ आहेत. अ‍ॅप मध्येच लॉगआउट होतं, ओटीपी येतो ह्यांच्या फोनवर, हे ऑफिसात. तोवर मालिका अर्धी संपलेली. चुकलेला भाग अ‍ॅपवर नंतर बघता येतो हे मान्य, पण त्यांना शेजारणींच्या आधी बघायचा असतो. आमच्याकडे केबल काढायचा विषय निघत नाही.

मालवणी_डिश:
तुमच्याकडे फायबर आहे म्हणून एवढा वाद. आमच्या वाडीत मोबाइलची रेंजच धड नाही. डीडी फ्री डिशची छत्री आणि बॉक्स एकदाच घेतला, महिन्याला शून्य. सह्याद्री दिसते. २००७ च्या कायद्यामुळे भारताचे ठरावीक सामनेही दूरदर्शनवर फुकट. जोराच्या पावसात चित्र जातं, पण तेव्हा लाइटही गेलेली असते.

निवांत_कांदिवली:
बघा! तोच दूरदर्शनवरचा सामना केबलवर मात्र दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की दूरदर्शनला दिलेलं ते प्रक्षेपण केबलवाल्यांनी पुढे द्यायचं नाही. म्हणजे केबलचे पैसे भरून वर स्पोर्ट्स चॅनलचे वेगळे. बुकेविरोधक, आता बोला.

बुकेविरोधक:
बोलतो की. स्पोर्ट्स चॅनल मी दौऱ्यापुरता घेतो आणि दौरा संपला की काढून टाकतो. केबलवाला कुरकुरतो, पण करतो.