नवा द्रुतगती मार्ग अजून कागदावर आहे. सुरक्षेसाठी आत्ताच काय मागून घ्यावं?

राहुरीचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. सुरत–चेन्नई ग्रीनफिल्ड (म्हणजे पूर्ण नव्या जमिनीवरून जाणाऱ्या) महामार्गाची आखणी आमच्या राहुरी तालुक्यातून आहे. गावात सगळी चर्चा मोबदल्याची, सुरक्षेचं कोणी काढतच नाही. ग्रामपंचायतीतर्फे लेखी निवेदन द्यायचंय. त्यात नेमकं काय लिहावं? आणि दुसरं, नवा रस्ता होईल तेव्हा होईल, नगर–मनमाड रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवर रात्री मागून गाड्या आदळतात. त्यावर या हंगामात काय करता येईल?

रस्ता_आरेखन

सगळ्यात आधी 'प्लॅन अँड प्रोफाइल' शीट मागा. गावात फिरतो तो नकाशा नुसती रेघ दाखवतो. प्रोफाइलमध्ये भराव किती उंच, ओढा कुठे, अंडरपासचा तळ किती खाली हे सगळं कळतं.

तुमचा खरा मुद्दा अंडरपास. अशा मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं, दुचाकी आणि ट्रॅक्टरला प्रवेश नसतो. म्हणजे शिवाराचे दोन तुकडे होणार आणि पलीकडे जायची वाट फक्त खालून. अंडरपास लांब पडला की लोक कुंपण कापतात, तिथून गुरं आत येतात, आणि १२० च्या वेगातल्या गाडीसमोर उभी राहतात. त्या वेगाला थांबायला सुमारे २५० मीटर दृष्टीपथ लागतो. रात्री हेडलाइटच्या उजेडात तेवढं दिसतच नाही. म्हणून सध्या वापरात असलेला प्रत्येक शिवरस्ता, पाणंद आणि गाडीवाट गट क्रमांकासह लिहून द्या. सातबाऱ्यावर किंवा गावनकाशावर नसलेल्या वाटा सल्लागाराच्या सर्वेक्षणातून हमखास सुटतात.

मापांत सावध राहा. चौपदरी महामार्गाच्या मानकांत छोट्या वाहनांचा अंडरपास ७ मीटर रुंद, ४ मीटर उंच असतो. हलक्या वाहनांचा १२ × ४. मोठ्या वाहनांचा २० × ५.५. तुमच्याकडून साखर कारखान्याला जाणारी भरलेली गाडी टेपने मोजा, ऊस जिथे सर्वांत वर येतो तिथून. ती ४ मीटरच्या जवळपास भरत असेल तर त्या वाटेवर ५.५ मीटरचाच अंडरपास मागा आणि मोजमापाचे फोटो जोडा.

आणि पाण्याचं बघा. भरावाचा खर्च वाचवायला रस्त्याची पातळी खाली धरतात, मग उंची मिळवायला अंडरपास जमिनीखाली खणतात. पहिल्याच पावसात त्याचं तळं होतं, शाळेची पोरं कुंपणावरून उड्या मारायला लागतात. 'तळ लगतच्या जमिनीपेक्षा खाली नको. असलाच तर पाणी उताराने ओढ्यापर्यंत नेणारा नाला दाखवा' असं स्पष्ट लिहा. पंपाच्या भरवशावर राहू नका, वीज गेली की तो बंद.

उपविभाग_कट्टा

आरेखनचं बरोबर आहे, पण कागद कुठे द्यायचा हेही तितकंच महत्त्वाचं.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याची ३अ अधिसूचना, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, निघाली की २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा भूसंपादनाच्या उपजिल्हाधिकाऱ्याकडे किंवा प्रांताकडे, हरकत द्यायची. ती जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच देता येते; ग्रामपंचायतीच्या नुसत्या ठरावावर भागत नाही. ज्यांचे गट जातात त्यांच्या सह्यांनी वेगवेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीची पोच घ्या.

दुसरी संधी पर्यावरण जनसुनावणीची. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. इथे जमीन जात नसली तरी बोलता येतं. तोंडी बोला, पण लेखी प्रत दिल्याशिवाय उठू नका आणि इतिवृत्तात मुद्दा आलाय का ते तपासा.

तिसरं म्हणजे रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण. ते आराखड्याच्या टप्प्यापासून रस्ता खुला होण्याआधीपर्यंत टप्प्याटप्प्याने व्हायचं असतं, आणि आरेखन करणाऱ्यांपेक्षा वेगळ्या, स्वतंत्र चमूने. माहिती अधिकारात नुसता अहवाल मागू नका, त्यातल्या प्रत्येक शिफारशीवर काय कार्यवाही झाली तो तक्ताही मागा. खरी गोम तिथेच असते, 'तपासून पाहू' असा शेरा मारून शिफारस पडून राहते.

गस्त_आणि_मदत

समृद्धी महामार्गाचा धडा आताच घ्या. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेत विसाव्याच्या पुरेशा सोयी नव्हत्या. चालक पेंगतो, गाडी कडेला लागते. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ मिनीबस पुढे थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबलेलं अवजड वाहन हा फार मोठा धोका आहे. ट्रक थांबे मुख्य रस्त्यापासून वेगळे, आत-बाहेर जायला पुरेशा लांबीच्या मार्गिकांसह असावेत आणि ते रस्ता खुला व्हायच्या आधी तयार असावेत, असं लिहा. वाहन तपासणीची जागाही टोल नाक्याच्या आवारात.

इंटरचेंज, म्हणजे द्रुतगती मार्गावर चढायची-उतरायची जागा, कुठे येतो तेही बघा. सहा पदरांची वाहतूक अरुंद जिल्हा रस्त्यावर सोडली की पहिला मोठा अपघात त्या रस्त्यावरच्या पहिल्या गावात होतो. जोडरस्त्याचं रुंदीकरण त्याच निविदेत मागा.

ब्लॅकस्पॉट_नोंदी

आता जुन्या रस्त्याबद्दल.

सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू, असं असेल तर तो ब्लॅक स्पॉट. पोलीस ठाण्याच्या नोंदींत जागा 'अमुक गावाच्या शिवारात' एवढीच असेल तर अपघात विखुरतात आणि पट्टा निकषात बसत नाही. म्हणून किलोमीटर दगड आणि शंभर मीटरच्या खुणा धरून यादी करा, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या.

दोन गोष्टी स्वस्तात होतात. पहिली, दुभाजकातले बेकायदा छेद बंद करणं. ढाबे, पंप यांच्यासमोर ते पाडलेले असतात. वळणारी ट्रॉली तिथे वेगाच्या मार्गिकेत आडवी उभी राहते. दगड टाकून बंद करू नका, तोच नवा अडथळा होतो. दुभाजक पूर्ववत बांधून घ्या.

दुसरी, ट्रॉल्यांचा मागचा भाग. पूर्ण रुंदीला लाल परावर्तक पट्टी, बाजूंना पिवळी. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीला सगळ्यात जास्त गरज, आणि नेमकी तीच सुटते. पट्टी चिखलावर, गंजावर चिकटत नाही; लोखंड घासून, पुसून, कोरडं करून लावावी लागते. वाढे (उसाचे शेंडे) लोंबत असतील तर पट्टी झाकली जाते, म्हणून फळीच्या खाली चासीच्या आडव्या पट्टीवरही लावा. कारखान्याने वजनकाट्यावर अट घातली तर आठवड्यात सगळ्या गाड्यांना पट्ट्या दिसतील.

राहुरीचा_शेतकरी

मनापासून आभार. एक शंका: जुन्या रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा जागोजाग गुडघ्याएवढाच राहिलाय. तो कामाचा आहे का?

रस्ता_आरेखन

नाही. डब्ल्यू-बीम पट्टी, म्हणजे कठड्याची आडवी पन्हळी पट्टी, जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर उंच हवी, खांब २ मीटरवर. डांबराचे थर चढत गेले की तो बुटका होतो, मग गाडी त्यावरून पलीकडे जाते. सांध्यावर पट्टीचं टोक येणाऱ्या वाहनाकडे उघडं असेल, किंवा कठड्याची सुरुवात नुसती कापून सोडलेली असेल, तर ते लोखंड गाडीत घुसतं. मोजपट्टी धरून फोटो काढा, किलोमीटर लिहा, आणि पुढच्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात कठडा उचलण्याची बाब धरायला सांगा. नंतर वेगळी निविदा निघायला वर्ष जातं.