स्टोरी पातळ, फायटिंग कडक, तरी असले पिक्चर एवढे का आवडतात?

रंकाळाकर:
काल रात्री ओंग बाक चौथ्यांदा बघितला. 2003 चा थायलंडचा पिक्चर, स्टोरी म्हणाल तर गावातल्या बुद्धमूर्तीचं डोकं चोरीला जातं आणि हिरो टोनी जा ते आणायला शहरात जातो, बास. तरी जागचा हललो नाही. घरात विचारतात ह्यात बघण्यासारखं काय आहे, मला नीट सांगता येत नाही.

तालमीतला:
भावा, खासबागेत कुस्ती बघताना स्टोरी विचारतोस काय? दोघं लाल मातीत उतरतात, हात मिळवतात आणि मग कोण पट काढतोय, कोण ढाक लावतोय ह्यावरच सगळ्यांचा जीव टांगलेला. टोनी जानं अंगाला आधाराची वायर न लावता उड्या मारल्यात, त्यामागं किती मेहनत असंल ते जोर-बैठका काढणाऱ्याला लगेच कळतंय.

पट्टेवाली:
मी मर्दानी खेळ शिकते. दांडपट्टा फिरवताना मनगट ताठ राहतं आणि सगळा जोर खांद्यातनं, पायातनं येतो, म्हणून पडद्यावर माझं लक्ष आधी पायांकडंच जातं. द रेड ह्या इंडोनेशियाच्या पिक्चरमध्ये हिरो इको उवैस सिलाट, म्हणजे तिकडची लढायची कला, खेळतो तेव्हा पाय दिसतात, लई भारी वाटतं. आपल्याकडच्या पिक्चरात दर ठोशाला शॉट कट करतात, मग काय बघायचं?

शाहूपुरीकर:
पटलं, पण थोडी स्टोरी पाहिजेच. ते मूर्तीचं डोकं परत गावात आलं पाहिजे असं वाटतं, म्हणून तर प्रत्येक फटका लागतो.

रंकाळाकर:
व्हय, हे बरोबर. आज आईला शेजारी बसवून दाखवतो.