शीतगृहाच्या इशाऱ्यासाठी संगणकाला कोणता मोडेम जोडावा?

प्रश्न:
निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्ष शीतगृहात तापमानाची नोंद एका लिनक्स संगणकावर होते आणि तापमान २ अंशांच्या वर गेले की पाच जणांना इंटरनेटवरून इशारा जातो. परंतु वीज गेली की ब्रॉडबँडही बंद पडतो, म्हणजे ज्या वेळी इशाऱ्याची खरी गरज असते त्याच वेळी तो पोहोचत नाही. मागच्या हंगामात पहाटे असेच झाले आणि आम्हाला कळेपर्यंत खोली ७ अंशांवर गेली होती. संगणक इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे सिमकार्डवरून थेट मराठीत एसएमएस पाठवणारा मोडेम घ्यायचा आहे. घरातले जुने डोंगल चालेल का, की सिम८०० हे छोटे मोडेम घ्यावे?

उत्तर १:
डोंगल संगणकाला सिरियल पोर्ट, म्हणजे थेट आज्ञा पाठवता येणारी जोडणी, देते की नाही, हे आधी पाहा. ह्युवेईची हायलिंक प्रकारची डोंगले नेटवर्क कार्ड म्हणून ओळखली जातात आणि त्यांचा कारभार वेब पानावरून चालतो. संगणकावरून एसएमएस पाठवणाऱ्या गॅमूसारख्या प्रणालीला मात्र एटी आज्ञा (मोडेमला दिल्या जाणाऱ्या मजकुरी सूचना) स्वीकारणारे पोर्ट लागते. पोर्ट असूनही उत्तर येत नसेल, तर लिनक्समधील मोडेम सांभाळणाऱ्या ‘मोडेम मॅनेजर’ या प्रणालीने ते आधीच ताब्यात घेतले आहे का, तेही तपासावे.

उत्तर २:
सिम८०० मी सुचवणार नाही. ते फक्त २जीवर चालते आणि जिओचे २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यात जिओचे सिम मुळीच चालणार नाही. शिवाय संदेश पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह ओढते आणि पुरवठा कमी पडला की मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. सिम७६०० किंवा क्वेक्टेल ईसी२५ यांसारखे ४जी मोडेम घ्या, पण नावापुढचे अक्षर नीट वाचा, कारण ईसी२५-ए हा प्रकार अमेरिकेतल्या बँडसाठी (मोबाइल लहरींच्या पट्ट्यांसाठी) आहे. जिओचे एसएमएस आयएमएस मार्गाने, म्हणजे ४जीच्या डेटा जोडणीवरून, जातात आणि मोडेमला ती सोय नसेल तर सिग्नल पूर्ण असूनही संदेश निघत नाही, म्हणून विक्रेत्याकडे त्याच कंपनीचे सिम घालून चाचणी घ्यावी. वेगाचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. शीतगृहाच्या जाड भिंतींमुळे बाहेर नेता येणारा अँटेना असणे अधिक महत्त्वाचे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. डोंगल हायलिंकच निघाले, त्यामुळे ईसी२५-ई मागवतो. मराठी संदेशासाठी काही वेगळे करावे लागेल का?

उत्तर ३:
देवनागरी संदेश युसीएस२ या अक्षर-संकेतप्रणालीत जातो आणि एका एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७० चिन्हेच मावतात; काना, मात्रा व हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणून ‘तापमान’ हा चार अक्षरांचा शब्द सहा चिन्हे घेतो. ‘खोली ३ : ४.५ अंश, ताबडतोब या’ एवढा मजकूर पुरे. संदेश पाठवल्यावर मोडेमकडून क्रमांक परत येतो, पण त्याचा अर्थ नेटवर्कने संदेश स्वीकारला एवढाच असतो. तो हातात पडला का हे कळण्यासाठी पोहोच-अहवाल मागवावा. आणि रोज सकाळी एक चाचणी संदेश जाऊ द्या, म्हणजे रिचार्ज संपल्याचे त्याच दिवशी कळेल.