स्नायू फडफडतात, जिभेचंही काहीतरी होतंय, तपासण्या नॉर्मल आहेत, तरी भीती जात नाही. मदत हवी आहे

चार महिने झाले. सुरुवात डाव्या पोटरीपासून झाली. रात्री आडवी झाले की कातडीखाली काहीतरी वळवळायचं. दुखत नव्हतं, पण हात ठेवला की हातालाही लागायचं. मग मांडी, दंड, पापणी, अंगठ्याच्या मुळाशी. दोन-चार सेकंद फडफड की थांबलं, मग दुसरीकडे. त्या दिवसांत झोप जेमतेम चार तास होती, कामाचा ताण होता आणि दिवसाला सहा-सात कप कॉफी चालली होती. स्नायू फडफडायला एवढं पुरतं, हे आता मला माहीत आहे. तेव्हा मी इंटरनेटवर शोधलं आणि पहिल्याच पानावर एएलएस हा शब्द दिसला. म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी (मोटर न्यूरॉन) मरत जातात आणि स्नायू दुबळे होत जातात, तो बरा न होणारा आजार.

त्यानंतर आठवड्याभरात जिभेचं सुरू झालं. कडांवर दातांचे ठसे दिसतात. संध्याकाळपर्यंत जीभ जड वाटते, टोकाला चुरचुरते. मध्येच लाल चट्टे उठतात, त्यांना पांढुरकी कड असते आणि चार दिवसांनी ते जागा बदलतात. सगळ्यात भीती वाटली ती थरथरीची. आरशासमोर जीभ बाहेर काढली की ती स्थिर राहतच नाही.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बी१२ सगळं ठीक. दंतवैद्य म्हणाले, चट्टे म्हणजे 'जिऑग्राफिक टंग', त्याने काही होत नाही. आणि ठसे उठतात कारण तुम्ही जीभ दातांवर दाबून धरता. न्यूरॉलॉजिस्टने अर्धा तास दिला. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, बोटं पसरायला लावून ती दाबून पाहिली, गुडघ्यांवर हातोडी मारली. मी आपणहून जीभ बाहेर काढली तर म्हणाले, "बाहेर नको. तोंड उघडा आणि जीभ आतच सैल पडू द्या." बाहेर ताणून धरलेली जीभ कोणाचीही थरथरते म्हणे. जीभ आत विसावलेली असतानाही वळवळत असेल, बारीक होत चालली असेल, बोलणं किंवा गिळणं बिघडलं असेल, तर त्याला अर्थ आहे. माझ्यात त्यातलं काहीच नव्हतं. मग ईएमजी झाली. हातापायांच्या स्नायूंत बारीक सुई घालून त्यांचे विद्युत संकेत पाहतात. तीही नॉर्मल आली. निदान लिहिलं, बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम, म्हणजे स्नायूंची निरुपद्रवी फडफड.

घरी आल्या आल्या नवऱ्याला जीभ बाहेर काढायला लावली. त्याचीही थरथरली. मी तिथेच रडले.

ती सुटका नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी वाटलं, ईएमजी फार लवकर तर झाली नसेल? जिभेत सुई घातलीच नव्हती, मग जिभेचं कसं कळलं? १९९३ साली प्रसिद्ध झालेला १२१ रुग्णांचा अभ्यास मी वाचलाय. नुसत्या फडफडीच्या त्या रुग्णांचा पाठपुरावा २ ते ३२ वर्षं केला, आणि एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. वाचून दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, मी एकशेबाविसावी असले तर?

फोनमध्ये माझ्या जिभेचे २१४ व्हिडिओ आहेत. बाथरूममध्ये दार लावून 'चटईला टाचणी टोचली' म्हणते, 'ट' नीट येतो का ते रेकॉर्ड करून ऐकते. शंभर वेळा म्हटल्यावर तो कोणाचाही अडखळेल, हे कळतं, तरी म्हणते. भांडी घासताना एका पायाच्या चवड्यावर उभी राहते.

लिहायला बसले ते परवाच्या प्रसंगामुळे. चार वर्षांची लेक स्टुलावर चढून आरशासमोर उभी होती. जीभ बाहेर काढून, मान तिरकी करून, अगदी माझ्यासारखी बघत होती. मला म्हणाली, "आई, माझी पण हलते."

म्हणून मला निदान विचारायचं नाही. ज्यांना असं झालंय त्यांनी सांगा, हे तपासणं थांबवलंत कसं? आणि ईएमजी पुन्हा करून घेऊ का?

उत्तर

ताई, माझी पोटरी आठ वर्षं फडफडतेय. हे लिहितानाही फडफडतेय.

ईएमजीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मला माझे डॉक्टर म्हणाले होते की हातापायांची ताकद आणि तपासणी तशीच असेल तर पुन्हा करायचं कारण नाही. मी हट्टाने केली. नॉर्मल आली, पंधरा दिवस बरे गेले, आणि पुन्हा तेच. आरसा पाहिल्यावर जो दिलासा मिळतो तोच तो, फक्त सुईचा.

मला उपयोग झाला तो मानसोपचारतज्ज्ञांचा. आधी राग आला होता, कारण फडफड खरी होती, मनाचे खेळ नव्हते. त्यांनी तेच सांगितलं: फडफड खरी आहे, उपचार भीतीवर करायचेत. सीबीटी सुरू झाली, म्हणजे बोलून, विचार आणि सवयी बदलत करायचे उपचार. तपासायची हुक्की आली की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस. पहिले काही दिवस भयानक जातात, छाती धडधडते. पण तपासलं नाही तरी ती लाट उतरते, हे एकदा अंगाने अनुभवलं की पुढचं सोपं होतं.

आणि एक गोष्ट न्यूरॉलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या: पुन्हा कधी यायचं. माझ्या कागदावर होतं, 'बटण लागेना, चावी फिरेना, पाऊल लोंबकळून ठेच लागायला लागली, बोलणं जड झाल्याचं दुसऱ्यांच्या लक्षात आलं किंवा गिळताना ठसका लागू लागला तर लगेच.' हात जड *वाटणं* त्यात नव्हतं. हातातून काम *होत नाही*, ते होतं. जिभेवर एकाच जागी जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवडे राहिला तर तो दाखवायचाच, पण तुमचे तर जागा बदलतात.

जीभ जड का वाटते म्हणता? दिवसभर दातांवर घासून तपासताय ना तिला? तिलाही थकवा येतो हो.

पुन्हा मी

दादा, शेवटचं वाक्य वाचलं तेव्हाही जीभ दातांवरच होती. सैल सोडली. संध्याकाळी खरंच कमी जड होती.

काल अकरा वेळा आरसा पाहिला, आज चार. न्यूरॉलॉजिस्टना कागदाचं विचारलं, ते पुढच्या भेटीत लिहून देतो म्हणाले. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळालीय. व्हिडिओ अजून पुसलेले नाहीत. एकटीने हात धजत नाही, आज रात्री नवरा शेजारी बसणार आहे.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या घरी लहान मूल होतं का त्या काळात? त्याला काय सांगितलंत?